पंपाशेजारचा तो दांडा एकटा पुरेसा नाही

प्रति,
सौर कृषिपंप आणि सौर पाणीपुरवठा योजनांच्या निविदा लिहिणारे, ते पंप बसवणारे आणि बसवलेलं काम तपासून सही करणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि ठेकेदार यांस,

सविनय नमस्कार.

मी जालना जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बावीस वर्षं झाली. माझ्या दुकानाचा हंगाम वळवाबरोबर सुरू होतो. एप्रिलच्या शेवटी एखादी दुपार कोंदते, चारच्या सुमाराला आभाळ काळं होतं, धुळीचा लोट येतो, तासभर कडकडाट चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली असतात. पूर्वी ही माणसं जळालेल्या मोटरी घेऊन यायची. आता त्यांच्याजवळ खताची रिकामी गोणी असते आणि गोणीत सौर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला चालेल अशी करून देणारी पेटी. "रात्री वीज पडली, तेव्हापासून डिस्प्लेच येईना," एवढंच सांगतात.

पंप हमीतला असेल तर मी पेटी उघडत नाही. सील तुटलं की हमी गेली, हे त्यांना समजावून परत पाठवतो. हमी संपलेले किंवा स्वतःच्या पैशांनी घेतलेले पंप मात्र उघडतो, आणि विजेपासून हे पंप वाचवण्यात आपण कुठे कमी पडतो हे गेल्या काही वर्षांत उघडलेल्या पेट्यांनी मला दाखवलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाकडे दोन एकर मोसंबी आहे आणि त्या बागेला पाणी देणारा पाच एचपीचा सौर पंप. महावितरणची लाइन त्या शेतापर्यंत नाही. नऊ पॅनेल, बोअरमध्ये दोनशे फुटांवर मोटर, शेजारी एक दांडा, टोकाला चमकणारी काटेरी कळी. पंप बसवून गेलेल्या मुलांनी त्या दांड्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "काका, हा एलए. आता विजेची काळजी नाही." एलए म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, पडणारी वीज झेलून जमिनीत नेणारा दांडा. पहिल्याच मेमध्ये पॅनेलपासून पंचवीस पावलांवरच्या बांधावरच्या लिंबावर वीज पडली. लिंब उभा चिरला. पॅनेलना ओरखडा नाही, दांड्याला काही नाही, पण कंट्रोलर मेला. तक्रार केली, फोन केले, नवा कंट्रोलर यायला सव्वीस दिवस लागले. मे महिन्यात मोसंबीला सव्वीस दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना सांगायला नको. टँकर घातले, तरी निम्मी फळं गळाली. नवा कंट्रोलर आला, जुन्याच तारांवर, जुन्याच अर्थिंगवर बसवला गेला आणि हस्ताच्या पावसात तोही गेला. या वेळी सोबत मोटरही.

ती मोटर मी स्वतः उघडली. जास्त भाराने जळालेली मोटर उघडली की सगळं वायंडिंग काळं पडलेलं असतं, वास महिनाभर दुकानातून जात नाही. ही मोटर आतून जवळजवळ नवी होती. तार ओली, स्वच्छ, रंग जसाच्या तसा. फक्त केबल जिथे वायंडिंगला जोडते तिथल्या पहिल्याच काही वेढ्यांत, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक आणि त्याच्यातून वितळून आलेला तांब्याचा मोहरीएवढा थेंब. ही विजेची सही आहे. बाहेरून येणारी उसळी इतकी झटकन चढते की ती सगळ्या वेढ्यांत वाटली जायच्या आत पहिल्या वेढ्यांवरच सगळा ताण पडतो आणि आवरण तिथे फाटतं. अशा मोटरी मी आता नुसत्या पाहून ओळखतो.

म्हणजे वीज दांड्यावर पडली नाही, पॅनेलवर पडली नाही, तरी मोटर दोनशे फूट खोल पाण्यात मेली. का?

आपल्या गावांत हे कोडं एका वेगळ्या रूपात सगळ्यांना ठाऊक आहे. झाडावर वीज पडते, झाडाखालचा माणूस कधी कधी वाचतो आणि शेजारी बांधलेला बैल मरतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. वीज जमिनीत शिरते तेव्हा शिरल्या जागी जमिनीतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रचंड वाढतो आणि लांब जावं तसा तो उतरत जातो. बैलाचे पुढचे पाय जास्त दाबावर, मागचे कमी दाबावर, आणि मधला फरक त्याच्या अंगातून वाहतो. माणसाने पाय जुळवून बसावं असं सांगतात ते यासाठीच.

आपला सौर पंप त्या बैलासारखाच पाय फाकून उभा आहे. त्याचा एक पाय पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याखाली, दुसरा कंट्रोलरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात, तिसरा एलएच्या वेगळ्या खड्ड्यात आणि चौथा दोनशे फूट खाली, बोअरच्या पाण्यात. हे चारही पाय तारांनी एकमेकांशी आडमार्गाने जोडलेले आहेत आणि तो आडमार्ग म्हणजे कंट्रोलरचं बोर्ड आणि मोटरचं वायंडिंग.

थोडा हिशेब मांडतो. विजेच्या एका साध्या झटक्यात तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, मोठ्या झटक्यात याच्या कितीतरी पट. एलएच्या खड्ड्याचा रोध दहा ओहम धरला, जो पुष्कळ ठिकाणी चांगला मानला जातो, तरी तीस हजार गुणिले दहा म्हणजे तीन लाख व्होल्ट. दांड्याने आपलं काम चोख केलं, वीज स्वतःवर घेतली, जमिनीत नेली, तरी त्या क्षणी दांड्याच्या पायथ्याची जमीन तीन लाख व्होल्टवर असते आणि बोअरच्या तळाची जमीन शून्याच्या आसपास. काहीशे व्होल्टच्या मोटरने या दोघांच्या मध्ये उभं राहायचं आहे.

यावर साइटवर ऐकू येणारं उत्तर असं, की म्हणूनच एलएचं अर्थिंग वेगळं ठेवतो, वीज पंपात येऊ नये म्हणून. हा समज अगदी चांगल्या हेतूने पसरला आहे आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. पाच-सात फुटांवर खणलेले दोन खड्डे लाखो व्होल्टसमोर वेगळे राहत नाहीत. मधली माती फुटते, ठिणगी उडते, आणि वीज कंट्रोलरमधून वाट काढतेच. वेगळे खड्डे खणायला हरकत नाही, उलट जास्त खड्डे चांगलेच. पण ते सगळे जमिनीखालून जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. मग दाब चढला तर सगळ्यांचा एकदम चढतो, फरक उरत नाही. बैलाचे पाय जुळवल्यासारखं होतं. वीजसंरक्षणाचं मानक, आयएस/आयईसी ६२३०५, हेच सांगतं. सांगाडा, दांडा, कंट्रोलरची पेटी, सगळं एकाच अर्थिंग जाळ्यात बांधा.

आणि बोअरचं केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेली बाहेरची नळी. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे फुकटात मिळणारी एक गोष्ट आपण रोज वाया घालवतो. आमच्याकडे वरची दोन-तीन फूट काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अर्थिंगचा खड्डा मुरमापर्यंत जातो आणि थांबतो. जिथे बोअरला लोखंडी केसिंग आहे तिथे मात्र वीस-तीस-चाळीस फुटांची लोखंडी नळी खडकात घट्ट बसलेली आहे. अख्ख्या शेतातला सगळ्यात खोल गेलेला अर्थिंगचा खांब तोच, आणि तो नेमका मोटरच्या डोक्यावर आहे. त्याला एक चांगला क्लॅम्प मारून पट्टीने बाकीच्या अर्थिंगला जोडलं की चौथा पायही जवळ आला. भावाच्या शेतात मी हे काम एका दुपारी केलं. पीव्हीसी केसिंग असेल तर हा मार्ग बंद, तिथे मोटरच्या बॉडीपासून अर्थची चौथी तार वरपर्यंत आणणं हाच उपाय. मी पाहिलेल्या बहुतेक बोअरमध्ये तीन तारांची चपटी केबल खाली जाते आणि चौथी तार नसतेच. पाणी वर आणणारा कॉलम पाइप एचडीपीई प्लास्टिकचा असतो, तोही वीज वाहून नेत नाही. म्हणजे खालच्या मोटरला वरच्या अर्थिंगशी जोडणारं काहीच नाही, फक्त तीन फेजच्या तारा आणि दोर.

अर्थिंगच्या मोजणीबद्दलही एक विनंती आहे. काम जुलै-ऑगस्टमध्ये झालं तर जमीन भिजलेली असते आणि मीटर सुंदर आकडा दाखवतो. भावाच्या शेतातल्या ज्या खड्ड्याने श्रावणात चार ओहम दाखवले, त्यानेच मेमध्ये एकोणीस दाखवले. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती सळईपासून सुटते, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं. आणि विजा पडतात नेमक्या तेव्हाच, वळवात, रोहिणीत, मृगाच्या तोंडावर. मराठवाड्यात आणि विदर्भात जमीन सगळ्यात कोरडी असताना आभाळ सगळ्यात जास्त कडकडतं. म्हणून मोजायचं असेल तर मेमध्ये मोजा, निदान पहिल्या वर्षी एकदा. मीठ घातलेल्या खड्ड्यात जीआय पाइप काही वर्षांत खाऊन जातो, त्याऐवजी बेंटोनाइटसारखी पाणी धरून ठेवणारी माती भरलेली बरी. आणि खरं सांगायचं तर विजेपुढे एक-दोन ओहम कमी करण्याच्या धडपडीपेक्षा सगळं एकत्र जोडणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. दोन्ही करता आलं तर उत्तमच.

आता एसपीडीकडे येतो. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: एसपीडी म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण, पेटीत एमसीबीसारखं दिसतं. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती बंद दारासारखी राहते, व्होल्टेज उसळलं की क्षणात उघडते, उसळी अर्थकडे वळवते आणि पुन्हा बंद होते. एलए आणि एसपीडी ही दोन वेगळी कामं आहेत. दांडा थेट पडणारी वीज झेलतो. शेजारच्या लिंबावर पडलेल्या विजेने तारांत जी उसळी उठते तिला दांडा काहीच करू शकत नाही, ते काम एसपीडीचं.

मी उघडलेल्या पेट्यांपैकी काहींत एसपीडी नव्हताच. काहींत होता, पण घरातल्या एसी लाइनसाठीचा, पॅनेलच्या डीसी बाजूला बसवलेला. हे धोक्याचं आहे, नुसतं निरुपयोगी नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या शून्यावर ठिणगी आपोआप विझते. पॅनेलची डीसी वीज एकाच दिशेने वाहते, तिला शून्य नाही. एकदा ठिणगी धरली की सूर्य असेपर्यंत पॅनेल तिला खाऊ घालत राहतात आणि पेटी पेटते. डीसी बाजूला पॅनेलसाठीच बनवलेला एसपीडी हवा, आयईसी ६१६४३-३१ प्रमाणे तपासलेला. व्होल्टेजही पाहून निवडायला हवं. भावाच्या नऊ पॅनेलचं उघड्या तारेचं व्होल्टेज प्रत्येकी पन्नासच्या आसपास, म्हणजे एकूण साडेचारशे. थंडीच्या सकाळी ते आणखी चढतं, म्हणून वीस टक्के वाढवून धरायचं, पाचशे चाळीस. तिथे सहाशेचा एसपीडी बरोबर. पाचशेचा लावला तर तो वीज न पडताही हळूहळू तापून मरेल, आणि हजाराचा लावला तर उसळी फार वरपर्यंत जाऊ देईल.

यापुढची गोष्ट इतकी छोटी आहे की ती निविदेत कुणी लिहीत नाही, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त एसपीडी तिच्यामुळेच वाया गेलेत. तारेची लांबी. एसपीडीपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी, वरची-खालची मिळून अर्धा मीटर ही मर्यादा. कारण विजेच्या वेगापुढे साधी तारही अडथळा होते. दहा हजार अँपिअर आठ मायक्रोसेकंदांत चढले तर सरळ तारेच्या एका मीटरवर सव्वा हजार व्होल्टच्या आसपास उठतात. एसपीडीने उसळी दोन हजारांवर थोपवली आणि त्याला दोन मीटर तार जोडलेली असली, तर कंट्रोलरला प्रत्यक्षात साडेचार हजार लागतात. मी पेट्यांत पाहिलंय, पोरं जास्तीची तार कापत नाहीत, छान गोल गुंडाळी करून टायने बांधून ठेवतात. काम नीटनेटकं दिसतं. पण ती गुंडाळी म्हणजे कॉइल, आणि कॉइल विजेला आणखी अडवते. त्या पोरांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. दिवसाला दोन-दोन पंप उभे करायचे असतात, उन्हात, उपाशीपोटी.

पॅनेलखालच्या तारांचंही असंच. प्लसची तार एका बाजूने आणि मायनसची दुसऱ्या बाजूने फिरवून आणली की मध्ये मोठा फास तयार होतो. जवळ वीज पडली की त्या फासात उसळी उठते, जेवढा फास मोठा तेवढी उसळी मोठी. दोन्ही तारा शेजारी-शेजारी, एकमेकींना चिकटून आणल्या की फास उरत नाही. याला एक रुपया लागत नाही. फक्त बसवणाऱ्याला माहीत असावं लागतं.

मोटरच्या बाजूलाही संरक्षण हवं. पण इथे मी सावधपणे लिहितो: कंट्रोलरमधून मोटरकडे जाणारी वीज साध्या लाइनसारखी नसते, ती बारीक-बारीक तुकड्यांत कापलेली असते, आणि बाजारातला कुठलाही एसपीडी तिथे लावला तर तो तापू शकतो. कंट्रोलर बनवणाऱ्यानेच या बाजूचं संरक्षण आत बसवून द्यावं किंवा कुठला चालेल ते लिहून द्यावं, अशी अट निविदेत घाला. तुम्ही मागितल्याशिवाय ते कुणी देणार नाही.

आता मागण्यांकडे येतो, आणि मला माहीत आहे की तुम्ही पैशांचं विचाराल. डीसीचा एक बरा एसपीडी मी स्वतः दोन-तीन हजारांत आणतो. थोडी जीआय पट्टी, केसिंगचा क्लॅम्प, आणि सगळं जोडायला एका कारागिराचा एक दिवस. पाच एचपीच्या पंपाची किंमत लाखांत आहे. त्यातला दहा टक्के हिस्सा शेतकरी भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, बाकी सगळं केंद्राचं आणि राज्याचं, म्हणजे पुन्हा लोकांचंच. २०१९ साली पीएम-कुसुम आली, २०२४ साली राज्याची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना आली, आणि जिथे खांब पोचले नाहीत तिथे दिवसा पाणी पोचलं. हे मोठं काम झालंय, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवांतून दारं धरायला जाणारी माझ्या वयाची माणसं आता रात्री झोपतात. म्हणूनच हे पंप टिकावेत असं वाटतं.

लाइनवरच्या पंपाला निदान गावचा वायरमन असतो, डीपी असते, डीपीवर अरेस्टर असतात, आणि शंभर घरं एकदम अंधारात गेली की कुणीतरी धावतं. सौर पंप मोकळ्या माळावर एकटा उभा असतो, आसपासच्या सगळ्यांत उंच लोखंड तोच. तो बंद पडला हे फक्त त्याच्या मालकाला कळतं.

प्रत्येक पंपासोबत दूरवरून देखरेख करणारी आरएमएसची डबी आणि सिमकार्ड तुम्ही देताच. किती युनिट तयार झाले, किती पाणी उपसलं, हे कार्यालयात बसून दिसतं. चांगल्या एसपीडीला एक छोटा संपर्कबिंदू असतो, चकती मेली की तो सुटतो. त्याच्या दोन तारा आरएमएसला जोडायची अट घाला. एसपीडी हा ब्रेकच्या लायनरसारखा झिजणारा भाग आहे. प्रत्येक उसळी झेलताना तो थोडा मरतो, शेवटी त्याची हिरवी खिडकी लाल होते, आणि ती खिडकी बंद पेटीच्या आत असल्याने कुणी पाहत नाही. पुढच्या वळवात पंप उघडा पडलेला असतो. खिडकी लाल झाल्याचा निरोप थेट तुमच्याकडे आला, तर सव्वीस दिवसांनी कंट्रोलर बदलण्याऐवजी आठवड्यात एसपीडीचं कार्ट्रिज, म्हणजे चकती असलेला काढता-घालता येणारा भाग, बदलता येईल. हमीच्या पाच वर्षांत ते कार्ट्रिज बदलण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची, हेही लिहून ठेवा.

वीज पडून कंट्रोलर गेला की फक्त कंट्रोलर बदलून जायचं, हा रिवाज बंद व्हायला हवा. बदलायला येणाऱ्या माणसाने अर्थिंग मोजावं, जोडण्या तपासाव्यात, काय सापडलं ते कागदावर लिहून शेतकऱ्याची सही घ्यावी, आणि दोष सापडला तर तो दुरुस्त केल्याशिवाय नवा कंट्रोलर लावू नये. आज असा कागद नसतो. पंप ताब्यात घेतानाही नसतो. शेतकऱ्याकडून सह्या घेतल्या जातात, फोटो काढला जातो, पण त्याच्या हातात अर्थिंगचा आकडा कुणी देत नाही. तो आकडा, मोजल्याची तारीख, एसपीडीचं मॉडेल आणि व्होल्टेज, एवढं मराठीत छापलेलं एक पान त्याच्याकडे राहू द्या. माझ्यासारख्या कारागिराला पुढे तेच पान उपयोगी पडेल.

डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर सौर ऊर्जेवरच्या दुहेरी पंपाच्या नळयोजना आहेत. बोअरवर उंच लोखंडी सांगाडा, वर टाकी, वर पॅनेल. तिथे बाग वाळत नाही, तिथे बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे येतात. ते सांगाडे आमच्या पंपांपेक्षा कितीतरी उंच आहेत. त्यांचं काम आधी तपासा.

आणि एक गोष्ट माणसांच्या जिवाची. पाऊस आला की शेतातली माणसं पॅनेलखाली जाऊन उभी राहतात. मी पाहिलंय, बायका मुलांना घेऊन पॅनेलखाली बसतात, शेळ्या आत घेतात. शेतात दुसरं छप्पर नसतं म्हणून. पॅनेलचा सांगाडा विजेसाठी झाडाइतकाच धोक्याचा आहे. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात, आणि त्यांतली पुष्कळ शेतात काम करणारी असतात. प्रत्येक पंपावर मोठ्या मराठी अक्षरांत एक पाटी लावा: विजा चमकत असताना या पॅनेलखाली थांबू नका, सांगाड्याला, पेटीला, बोअरला हात लावू नका. शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास होईपर्यंत परत येऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, बनवलेलं दामिनी ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. पंप ताब्यात देताना शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या पोरा-पोरीच्या मोबाइलवर ते घालून दाखवायला पाच मिनिटं लागतात.

सूचना लवकर मिळाली, आभाळ अजून लांब असलं, तर पंप बंद करून आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, पाडणंही चांगलं. पण कुणी सांगितलं म्हणून पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर चालू पंपावर ओढू नका, ठिणगी हात भाजून काढते. आधी कंट्रोलर बंद, मग आयसोलेटर, त्यानंतरच कनेक्टर. आणि नुसता आयसोलेटर पाडला म्हणजे उसळी थांबली असंही नाही, त्याच्या दोन टोकांमधलं अंतर विजेला फार नाही. हे शेतकऱ्याला खरं सांगा. अर्धवट भरवशापेक्षा ते बरं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हे सगळं मानकांत आहेच, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आहे, विजेसाठी ६२३०५ आहे. आहे, आणि ती मानकं लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मानक कपाटात आणि गुंडाळी पेटीत, या दोघांच्या मधलं अंतर पार करायला बसवणाऱ्या पोरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं लागेल, आणि तपासणाऱ्याला अर्थ टेस्टर घेऊन माळावर जावं लागेल. तालुक्यात एक आयटीआय आहे, तिथे हे शिकवता येईल. मी शिकवायला तयार आहे, मानधन नको.

भावाच्या पंपावर मी हे सगळं करून झालं त्याला आता एक पूर्ण वळीव आणि एक हस्त उलटून गेला. मेमध्ये विहिरीजवळच्या बाभळीवर वीज पडली. एसपीडीची एक खिडकी लाल झाली, मी कार्ट्रिज बदललं, पंप त्याच दिवशी चालू होता. एका पंपावरून मी सगळ्या जिल्ह्याचं काही सिद्ध करत नाही. पण माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मेलेल्या बोर्डांच्या अकरा गोण्या आहेत. प्रत्येकावर गावाचं नाव आणि तारीख खडूने लिहून ठेवलीय, आणि भोक पडलेली वायंडिंगही वेगळी जपून ठेवलीत. निविदेचा नवा मसुदा लिहायला बसण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एक दिवस इकडे या. बोर्ड टेबलावर मांडून ठेवतो, मग आपण दोघं माझ्या गाडीवरून चार-पाच पंपांवर जाऊ आणि मीटर लावून बघू. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं. त्याआधी या, जमीन कोरडी असते, खरा आकडा तेव्हाच कळतो.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक मोटर रिवाइंडिंग कारागीर